वाचता येत नाही; पुसून देता येईल

यंत्र कधीही चुकत नाही, चुकतो तो त्याच्यासमोर बसलेला माणूस, हे तत्त्व आता सर्व सुसंस्कृत घरांनी मान्य केलेले आहे. आमच्या घराने ते जरा उशिरा मान्य केले, कारण आमच्याकडे बाबा होते. बाबांच्या मते चूक नेहमी यंत्राचीच असे, आणि उघडून दाखवल्याशिवाय ती त्याला कळत नसे.

शेवटच्या साध्या दिवशी त्यांनी आईचे शिलाई मशीन उघडले. मशीन बिघडलेले नव्हते, फक्त आवाज करत होते. (आवाज आईला चालत होता. बाबांना चालत नव्हता. शिवणकाम आई करत असे.) त्यांची कार्यपद्धती ठरलेली होती. कोणताही भाग सोडवण्यापूर्वी कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढायचा, मग तो भाग जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर मांडायचा. जोडताना फोटो उलट्या क्रमाने पाहत यायचे. याच पद्धतीने त्यांनी घरचा मिक्सर आणि शेजाऱ्यांची इस्त्री पूर्ववत केली होती. (इस्त्रीतला एक स्क्रू उरला. शेजाऱ्यांना अद्याप कळवलेले नाही.) दर टप्प्याला ते मला समजावून सांगत आणि शेवटी विचारत, "कळलं ना?" मी पुस्तकातून मान वर न काढता "हो" म्हणत असे. दोन्ही पक्षांचे समाधान होई.

संध्याकाळी आईने विचारले, आता जेवायचं कुठे? बाबा म्हणाले, "आजचा दिवस चालवून घे. सकाळी जोडून देतो."

सकाळी ते उठले नाहीत.

माणसे आली, बसली, गेली. टेबलावरचे मशीन तसेच राहिले. आई ओट्याशी उभी राहून जेवू लागली. वर्तमानपत्राला कोणी हात लावला की "राहू दे" म्हणे. म्हणजे प्रश्न अगदी सरळ होता. फोटो मिळाले तर मशीन जुळेल, मशीन जुळले तर टेबल मोकळे होईल, टेबल मोकळे झाले तर आई बसून जेवेल. फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डात होते. मी कार्ड काढले आणि घरच्या संगणकात घातले.

संगणकाने कळवले: हे कार्ड वाचता येत नाही. वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. करायचे का?

फॉरमॅट करणे म्हणजे कार्डात असलेले सर्व काही पुसून टाकणे. या भूमिकेतील प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. यात काय आहे ते मला समजत नाही, तेव्हा ते आधी नाहीसे करू, म्हणजे यात काहीच नाही हे मला उत्तम वाचता येईल. पुष्कळ कार्यालयांत अर्ज याच मार्गाने निकाली निघतात, आणि एकही अर्ज शिल्लक नसल्याचा अहवाल वेळेवर जातो.

मी तज्ज्ञांकडे वळले. आमच्या घरगुती पाहणीनुसार उपाय सुचवणाऱ्यांपैकी सत्तर टक्के लोकांची श्रद्धा बंद करून पुन्हा चालू करण्यावर असते आणि वीस टक्क्यांची फुंकर मारण्यावर. उरलेल्या दहा टक्क्यांना प्रश्न कळलेला नसतो. सर्वांत जास्त वेळ तेच बोलतात.

दादा दुसऱ्या शहरात संगणकाच्याच कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागेवर आहे, त्यामुळे तो दोन्ही मोठ्या गटांत मोडतो. त्याने फोनवरून बंद-चालू करवून घेतले, कार्डाच्या पितळी पट्ट्या खोडरबराने पुसून घेतल्या, फुंकर मारवली. मग विचारले, "पण असं आहे काय त्यात?"

"मशीनचे फोटो."

"अगं, मग आईला नवं मशीन घेऊ की." मग त्याने हळूच विचारले, "बाबा नाहीत ना त्यात?"

"नाहीत. फोटो तेच काढत होते."



"परत एकदा फुंकर मार," दादा म्हणाला.

आत्याने संगणक कधी उघडलेला नाही. तिने टेबलाकडे पाहून सांगितले की हा पसारा पिशवीत भरून माळ्यावर टाक, वहिनीचं मन मोकळं होईल. संगणक आणि आत्या यांनी एकमेकांना न भेटता एकच निष्कर्ष काढला होता, तेव्हा त्यात शास्त्रीय तथ्य असणार.

अखेर मी मदत केंद्राला फोन लावला. प्रथम संगीत झाले. मग एक अतिशय नम्र मुलगी आली. माझी गैरसोय तिला समजू शकत होती. कार्डात महत्त्वाचं काही आहे का, असे तिने विचारले. मी म्हटले, स्क्रूचे फोटो आहेत.

"फक्त स्क्रूचे?"

"एक-दोन चाकंही असतील."

"मग पुसायला हरकत नाही ना, मॅडम?"

तिच्या सेवेला गुण देण्यास सांगण्यात आले. मी पूर्ण गुण दिले. (नाही म्हणण्याची सोय आमच्या घराण्यात नाही.)

आई ताट हातात घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "ते कार्ड त्यांच्या कॅमेऱ्यात ठेवून दे बाई. हरवेल इथे कुठेतरी."

मी ठेवले. कॅमेरा चालू केला आणि त्याने सर्व फोटो एकामागून एक दाखवले. कॅमेऱ्याला विचारून पाहावे असे तज्ज्ञांपैकी कोणालाच सुचले नव्हते; त्याच्याविरुद्ध तक्रारच नव्हती. दोष संगणकाचा निघाला. तो वयाने मोठा होता, त्याच्या काळात एवढी मोठी कार्डे निघालेली नव्हती. 'मला जमत नाही' म्हणण्याऐवजी तो 'पुसून टाका' म्हणाला, इतकेच. वडीलधारी मंडळी असे करतात.

स्क्रू. स्क्रू. चाक. चाकाच्या कडेला बाबांचा अंगठा. आईने खुर्ची ओढली आणि ताट मांडीवर घेऊन बसली.

सर्वांत शेवटी एक व्हिडिओ होता, बहुधा चुकीचे बटण दाबल्यामुळे निघालेला. चित्रात नुसते टेबल हलत होते, आवाज बाबांचा होता. "आधी हे चाक. मग ही स्प्रिंग, तिचं वाकडं टोक आतल्या बाजूला, नाहीतर सगळं मुसळ केरात. कळलं ना?" आणि मागच्या खोलीतून माझे "हो".

स्प्रिंगचे टोक कुठे येते हे वाचकांनाही समजले असेलच. समजले नसेल तरी त्यांनी मान हलवली असेल, आणि रात्री जेवताना समोरच्या माणसाचे बोलणे संपायच्या आतही हलवतील. 'कळलं नाही' हे बटण अजून कोणत्याही यंत्रावर बसवण्यात आलेले नाही. त्याला मागणी नाही.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. चाक झाले, स्प्रिंग झाली. बाबांनी विचारले, "कळलं ना?" आणि मागच्या खोलीतून उत्तर येण्याच्या आत मी मोठ्याने म्हणाले, "नाही कळलं, बाबा. पुन्हा सांगा."