टीव्हीखालची चौकट

मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या वाटेवर करवंदपाडा नावाचं गाव आहे. तिथल्या नळयोजनेवर पाणी सोडणारे काळूराम पांडू हरड दर रविवारी दुपारी बारा ते एक या वेळेत रडत असत. हे रडणं नियमित असल्यामुळे गावाने त्याची रीतसर दखल घेतली होती. रविवारचं पाणी एकनंतरच येणार, हे बायका न सांगता धरून चालत.

कारण होतं 'घर पालटू या' हा टीव्हीवरचा कार्यक्रम. त्यात कुणा गरिबाचं कुटुंब चार दिवस बाहेर पाठवतात, मागे त्याचं घर पाडून नवं करतात आणि मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना दारात आणून उभं करतात. पट्टी सुटते. बाई तोंडावर हात ठेवते, नवरा तिचा खांदा धरतो, मागे सनई सुरू होते, आणि इकडे काळूरामाचा बांध फुटतो. अहो, फुटणारच! माणूस आहे की मैलाचा दगड? प्रस्तुत लेखकाचाही फुटतो, त्यात लपवायचं काय?

त्याच सुमारास काळूरामाची बायको गोदू स्वयंपाकघरातून डोळे पुसत बाहेर येई. काळूरामाला तिचं फार कौतुक वाटे.

"बघ," तो मुलीला म्हणे, "तुझी आई नुसत्या आवाजावर रडते. काळीज लागतं त्याला."

"बाबा, ती धुरानं रडते," अपेक्षा म्हणे. अपेक्षा शहापूरला कॉलेजात होती, त्यामुळे तिच्याकडून भावनेची अपेक्षा घरात कुणी ठेवली नव्हती.

धुराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघराला खिडकी ठेवायची राहून गेली. गॅस होता, पण गॅसवरची भाकरी काळूरामाच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून रोज चूल पेटे. गोदूच्या भावाला बहिणीचा खोकला बघवेना, म्हणून त्याने किन्हवलीहून टेम्पोत घालून सागाची चांगली चौकट पाठवली. चौकट आली त्याच आठवड्यात टीव्ही आला आणि टीव्हीला टेकू हवा होता. ती तात्पुरती तरतूद होती. आठ वर्षं झाली, चौकट टीव्हीखालीच होती.

एका रविवारी कार्यक्रमातल्या बाईला चकचकीत किचन मिळालं आणि काळूराम उठून उभाच राहिला.

"गोदू, तुला पण असंच किचन देतो, बघत राहा!"

"मला खिडकी द्या, बास झालं."

"खिडकीत काय रडण्यासारखं हाय गो?"

अपेक्षाने मोबाइलवर अर्ज भरला. त्यात दुःखाचा प्रकार (वडिलोपार्जित की आकस्मिक), दुःखाचा कालावधी आणि कुटुंबातील रडू शकणाऱ्या व्यक्तींची संख्या असे रकाने होते. काळूरामाने शेवटच्या रकान्यात तीन लिहायला लावले. अपेक्षाला धरून.

आठ दिवसांत मुंबईहून काजल नावाच्या मुलीचा फोन आला.

"काका, फॅमिली छान आहे तुमची. पण घर... सॉरी हं, घर बरं आहे."

"बरं म्हंजे?"

"फरशी आहे, विटांच्या भिंती आहेत. 'आधी'चं घर नीट वाईट नसेल, तर 'नंतर'चं चांगलं कसं दिसणार? आम्ही पंधरा दिवसांनी तिकडे येतोय. बघा, काही होतंय का."

काळूरामाने फोन ठेवला आणि घराकडे बघितलं. त्याला प्रथमच घराची लाज वाटली. इतकं बरं घर घेऊन आपण आठ वर्षं चारचौघांत वावरलो कसे?

दुसऱ्या दिवशी फरशी उचकटून त्याने शेणाची जमीन केली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराची मागची भिंत पाडली. तिच्या जागी कूड घालायला शेजारचा म्हातारा लडकू आला. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वर शेणमाती लिंपायची, झाली भिंत. गावात हे काम येणारा आता लडकू एकटाच होता. काठ्या त्याने आपल्या गोठ्याच्या जुन्या कुडाच्या आणल्या.

"लेका, माणसं कूड पाडून भिंत घालतात," लडकू म्हणाला. "तू उलटा कुठं चाललास?"

"भावना हायेत रे त्यात."

"भावना हायेत. डोकं नाय."

मग कार्यक्रमवाल्यांना दाखवायला घर कच्चं असल्याचा दाखला हवा होता. ग्रामसेवकांनी दप्तर चाळलं. पूर, वादळ आणि आग यांनी पडलेल्या घरांना नमुने होते. 'मालकाने हौसेने पाडले' याला नमुना नव्हता. शेवटी त्यांनी लिहून दिलं, 'सदर घर दप्तरी पक्के असून, मालकाची जिद्द पाहता ते लवकरच कच्चे होईल असे दिसते.' खाली शिक्का.

भिंत पडल्यापासून कूड उभा राहीपर्यंत मधे दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत गोदू एकदाही खोकली नाही. पडलेल्या भिंतीतून सरळ वारा येई, समोर डोंगर दिसे, आणि भाकऱ्या थापता थापता ती चक्क गुणगुणत होती. कूड लिंपायला घेतला तेव्हा ती हळूच म्हणाली, "अवो, हितं चुलीच्या वर हातभर जागा मोकळी सोडा ना."

"येडी का काय तू?" काळूराम कळवळून म्हणाला. त्याचा कळवळा खरा होता, आपण कुणाचीही खोटी निंदा करणार नाही. "हवा आली तर दुःख दिसायचं कसं? तुझ्यासाठीच करतोय ना मी समदं!"

कूड बोटभर फट न ठेवता लिंपला गेला.

ठरल्या दिवशी गाडी आली. काजल उतरली, कॅमेरावाला उतरला आणि केसांचा अंबाडा घातलेला एक दिग्दर्शक उतरला. काळूरामाने मळका सदरा घातला होता आणि सकाळपासून चेहरा पाडून ठेवला होता. दिग्दर्शक आत गेला, कुडावरून हात फिरवला, जमिनीवर अनवाणी उभा राहिला आणि डोळे मिटले.

"आता रडतील," काळूराम अपेक्षाच्या कानात म्हणाला.

"हे कुणी केलं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मी," दारात बघायला आलेला लडकू म्हणाला.

बाहेर जाऊन त्यांची कुजबूज झाली. मग काजल आली.

"काका, हे तर 'नंतर'चं घर आहे! अशा एका भिंतीसाठी आम्हाला मुंबईहून आर्टिस्ट आणावा लागतो. माळशेजच्या रस्त्याला रिसॉर्टवाले अशाच खोल्या भाड्याने देतात. आम्ही यात काय पालटणार?"

"मग पयल्यासारखं करून द्या!" काळूराम ओरडला. "विटा घाला, फरशी घाला!"

"छे! असलं सुंदर घर मोडलं तर प्रेक्षक शिव्या घालतील आम्हाला."

तेव्हा काळूराम उंबऱ्यावर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. आयुष्यात प्रथमच तो स्वतःच्या घरासाठी रडत होता. कॅमेरावाल्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, "काका, कॅमेरा बॅगेत गेला. उगाच वाया घालवू नका." इतक्यात आतून गोदू चहा घेऊन आली, डोळे लाल, पदर नाकाला.

"काकू किती इमोशनल आहेत!" काजल म्हणाली. मंडळींनी कुडासमोर फोटो काढले आणि गाडी निघून गेली.

पावसाळा तोंडावर आला होता, कूड काही टिकायचा नव्हता. पुन्हा विटांची भिंत घालणं आलं. बुधू गवंडी मिळाला, पण रविवारचा. त्याने बारा वाजायला पाच कमी असताना भिंत कमरेपर्यंत आणली आणि हाक मारली, "काळूरामदादा, खिडकी ठेवायची ना? चौकट आणा. आता राहिली तर राहिली."

गोदू पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. अपेक्षाने टीव्हीखाली बघितलं. काळूरामानेही बघितलं आणि खरोखर, दोन्ही हात टीव्हीला घातले.

तेवढ्यात सनई वाजली. निवेदक भरल्या गळ्याने सांगत होता, 'आज भेटू अशा नवऱ्याला, ज्याच्या बायकोने आयुष्यभर फक्त एक खिडकी मागितली...'

काळूरामाचे हात तिथेच थांबले.

"बाबा, टीव्ही खाली ठेवा ना जमिनीवर," अपेक्षा म्हणाली.

"खाली वायर पोचत नाय गो. बुधू, एक तास थांब रे!"

"माल कालवलाय दादा. तासाभरात दगड होईल."

"मग घाल तशीच. पुढं बघू."

पडद्यावर खिडकी उघडली. उजेड त्या बाईच्या तोंडावर पडला, नवऱ्याने तिचा खांदा धरला आणि काळूराम हुंदके देत म्हणाला, "गोदू, ये, बघ गो! नवरा असावा तर असा!"

आत बुधूने शेवटची वीट बसवली. थोड्या वेळाने चूल पेटली आणि गोदू डोळे पुसत बाहेर आली.

"बघ, तुझी आई पण रडली," काळूराम म्हणाला. अपेक्षाने टीव्हीखालच्या चौकटीवरची धूळ पुसली.

तो भाग आम्हीही पाहिला, दोनदा. दोन्ही वेळा रुमाल भिजला. आमच्या घरची मंडळी त्या वेळी कुठे होती, असं कुणी विचारलं तर खरंच आठवत नाही. भाकरी मात्र गरम मिळाली होती. तुम्हालाही मिळाली असेलच.