सासूबाईंचं न कापलेलं पुस्तक

"या तूसाँच्या सणाला पाते मी स्वतः करणार! सासूबाईंच्या पुस्तकात बघून, शब्दाला शब्द!" ओदिलनं सकाळी कॉफीच्या वेळी जाहीर केलं. तिचा नवरा बेर्त्रां, त्याला ठसकाच लागला.

"अगं, राहू दे ना. कशाला एवढा खटाटोप?"

"कशाला? सव्वीस वर्षं तुझी बहीण माझ्या टेबलावर बसून म्हणते, 'छान आहे, पण आईच्या हातची चव नाही!' म्हणून!"

तूर्नू गावात सासूबाईंच्या पातेचा काय दबदबा होता! पिठाच्या सोनेरी कवचात मसालेदार मांस, मध्ये थरथरती जेली. तूसाँला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या सणाला, कबरीवर शेवंती ठेवून सगळे परतले, की जेवायला तेच. "सगळं त्या पुस्तकात आहे हो," असं सासूबाई काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणायच्या. किल्ली मात्र कधी कुणाच्या हाती दिली नाही. वसंतात त्या गेल्या, आणि किल्ली, पुस्तक न् पातेची निळ्या काठाची डिश ओदिलकडे आली.

पाककृती पान दोनशे चौदावर होती. ओदिलनं पुस्तक उघडलं. दोनशे तेरानंतर थेट दोनशे सोळा! मधली पानं वरच्या कडेला जोडलेलीच. त्या काळी पुस्तकं अशीच मिळत. वाचणाऱ्यानं सुरी घेऊन पानं आपली आपण कापायची. सासूबाईंनी फक्त मुरांब्याची पानं कापली होती. मांसाचं अख्खं प्रकरण कोरं करकरीत!

म्हणजे म्हातारीनं ते कधी वाचलंच नव्हतं!

ओदिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं खसकन सुरी ओढली आणि तेवढीच पानं कापली. आता तर करूनच दाखवणार!

पण पुस्तकही सासूबाईंच्याच वळणाचं. 'पीठ हवं तितकं मळा. भट्टी योग्य तापली की आत सारा.'

"योग्य म्हणजे किती, मेल्या?" ओदिल पुस्तकावर खेकसली. तीन दिवस ती मळत, चिरत, आटवत राहिली. सणाच्या सकाळी कवच उभं फुटलं, चरबी भट्टीत सांडली आणि स्वयंपाकघरात धूरच धूर झाला. मंडळी कबरस्तानात गेली होती. ती परत यायला जेमतेम तास उरला होता.

ती निळी डिश पिशवीत कोंबून कोलाँजच्या मांसाच्या दुकानाकडे धावली. म्हाताऱ्या कोलाँजनं डिश पाहिली आणि तिला दारातच थांबवलं.

"मादाम, ही डिश मागच्या दारानं येते. चाळीस वर्षांचा रिवाज आहे!"

ओदिल दातओठ खात मागच्या दारानं गेली.

जेवताना नणंद एलियाननं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली. "छान आहे हो वहिनी. पण आईच्या हातची चव नाही!"

"हे कोलाँजकडचं आहे!" ओदिलनं टेबलावर मूठ आपटली. ग्लास उडाले. "आणि तुमच्या आईचंही तिथलंच होतं! हे बघा पुस्तक! नाताळला त्या वाढायच्या तो ससा कुठल्या पानावर आहे? घ्या सुरी, कापा न् वाचून दाखवा!"

बहीणभावांनी ताटात माना घातल्या.

"ठाऊक आहे," बेर्त्रां पुटपुटला. "लहानपणी डिश घेऊन आम्हीच जायचो. आळीपाळीनं."

"ठाऊक आहे? मग सव्वीस वर्षं 'आईच्या हातची चव' कसली काढत होतात?"

"आईनं शपथ घातली होती," एलियान म्हणाली. "आणि ताटात तर आईच वाढायची ना, स्वतःच्या हातानं."

ओदिल आत गेली, फुटकं, काळवंडलेलं पाते घेऊन आली आणि दाणकन मध्ये ठेवलं.

"या घराण्यात खरोखर हातानं केलेलं हे पहिलं! खा! आणि एकदा, फक्त एकदाच खरं सांगा!"

एलियाननं तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग वाइनचा मोठा घोट घेतला आणि निळी डिश हळूच स्वतःकडे ओढली.

"वहिनी, पुढच्या तूसाँला तू दमू नकोस. मागच्या दारानं मीच जाईन."