हाफिजाचाचींचा गुलाब आणि माझी कात्री

झाडांच्या बाबतीत माझ्या हाताला गुण आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. माझ्या बायकोचं, संयोगिताचं म्हणणं वेगळं आहे. पण पुरावा म्हणून तिच्याकडं आहे काय? एक वाळलेली तुळस, एक वाळलेला मोगरा आणि एक वाळलेलं निवडुंग. निवडुंग वाळवायलासुद्धा अंगात काहीतरी असावं लागतं की!

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मागच्याच गल्लीत घर. नाव सम्राट असलं तरी घरात माझं फक्त बागेवर राज्य चालतं, कारण बागेत आता काही उरलेलं नाही. शेजारी हाफिजाचाची राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. मुलाचे कबनूरला यंत्रमाग आहेत. तो दर आठवड्याला येऊन "अम्मी, चला तिकडं" म्हणतो आणि दर आठवड्याला चाची त्याला चहा पाजून परत पाठवतात. का जात नाही म्हणून विचारलं, तर फाटकाजवळच्या गुलाबाकडं बोट दाखवतात.

गुलाब गावठी. फिकट गुलाबी रंगाचा, पण वासाला असा की फाटकावरून जाणारा रिक्षावालासुद्धा मान वळवतो. चाची लग्न होऊन कुरुंदवाडहून आल्या, तेव्हा त्यांच्या आईनं घरामागच्या परड्यातल्या गुलाबाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर दिली होती. लग्नात चाचींच्या केसांत फूल होतं, तेही त्याच परड्यातलं. आमच्या गल्लीत ज्या ज्या दारात गुलाब आहे, ती सगळी चाचींच्या झाडाची लेकरं.

पण मूळ झाड थकलं होतं. उंचच उंच निबर फांद्या, टोकाला चार पानं, आणि फूल म्हणाल तर सणासुदीला एखादं. त्यात दोन महिन्यांवर नातीचं, तमन्नाचं लग्न आलेलं. चाचींनी एकच धरून ठेवलं होतं, नवरीच्या केसांत ह्याच झाडाचं फूल पाहिजे. बाजारात टोपलीभर गुलाब मिळतात, हे त्यांना कुणी सांगायची सोय नव्हती.

लग्नाआधी मक्का-मदिनेला उमऱ्याची यात्रा करून यायची म्हणून मुलगा-सून त्यांना घेऊन निघाले. निघायच्या दिवशी चाचींनी मला फाटकाजवळ बोलावलं.

"सम्राट, झाड तुझ्या हवाली हाय. पाणी घाल, दुसरं काय करू नगंस. आणि कात्री तर अज्याबात लावू नगंस."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात कात्री नव्हतीच. त्यांनी नाव काढलं आणि ती जाऊन बसली. दुकानात बसल्या बसल्या सहज मोबाइलवर शोधलं. बघतो तर सगळा महाराष्ट्र गुलाब छाटत होता! जुन्या झाडाची कडक छाटणी करा, थोडे दिवस पाणी तोडून ताण द्या, मग खत घाला, झाड नव्यानं फुटतं आणि फुलांनी लगडतं, असं एक टोपीवाले काका ठासून सांगत होते. मी डोळे मिटले. समोर तमन्नाच्या लग्नातली टोपलीभर फुलं दिसली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर माझी पाठ थोपटणाऱ्या चाची दिसल्या.

कात्री लावली. कात्रीनं जमेना म्हणून करवत आणली. छाटणीचा एक घोटाळा असा, की थांबायचं कुठं ते कळत नाही. ही बाजू उंच दिसते म्हणून ती उतरवावी, तर आता ती दुसरी उंच. दोन्ही बाजू एकसारख्या झाल्या तेव्हा फाटकाजवळ गुडघ्याएवढी पाच खुंटं उरली होती. संयोगिता माझ्यासाठी चहा घेऊन बाहेर आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली. माझा चहा तिनं उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला. आमच्या लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. मग ती आत गेली, वाटीत हळद कालवून आणली आणि प्रत्येक खुंटाच्या टोकाला लावली. नवरीच्या आधी झाडाला हळद लागली.

आता ताण द्यायचा होता. मी पाणी तोडलं आणि निवांत झालो. पाणी न घालण्याचं काम माझ्या स्वभावाला मानवतं. पण सकाळी बघतो तर बुडाशी चिखल! दुपारी ओल, संध्याकाळी पुन्हा चिखल. आभाळ कोरडं ठणठणीत, मी पाण्याला हात लावलेला नाही, आणि माती मात्र ओलीच. भरीत भर म्हणून गल्लीतली कुत्री तिथं येऊन माती चाटायला लागली. मी त्याचाही अर्थ लावला. जमिनीखालून पाणी झिरपत असणार, आणि मुक्या जनावराला थंडावा बरोबर कळतो.

म्हणजे पाइप गळत होता. मी रविवारी सकाळी गौसला बोलावलं. गौस आमच्या गल्लीचा प्लंबर, गरीब स्वभावाचा. त्यानं माती बघितली, खुंटं बघितली, मग उगाच आभाळाकडं बघितलं आणि लिकेज वाटत नाही म्हणाला. मी त्याला थंडावा आणि कुत्री ह्यांचा संबंध समजावून सांगितला. तो म्हणाला, राहू द्या की दादा. मी म्हटलं, खण.

त्यानं बिचाऱ्यानं खणलं. गुलाबाची मुळं उघडी पडली, तरी गळती सापडेना. आणखी जरा तिकडं खण म्हटलं, आणि टिकाव धडधाकट पाइपवर बसला. नेमकी तेव्हाच गल्लीला पाण्याची वेळ. पाण्याचं कारंजं माझ्या डोक्यावरून चाचींच्या खिडकीपर्यंत गेलं! गौस पाइपला फडकं बांधतोय, मी गौसला धरून उभा आहे, घराघरांतून लोक रिकाम्या घागरी घेऊन बाहेर येताहेत, आणि खिशात फोन वाजला.

मदिनेहून चाचींचा व्हिडिओ कॉल होता.

घेतला नाही तर त्या काळजी करणार, आणि घेतला तर मी करणार. मी धावत समोरच्या बनाबाईंच्या अंगणात घुसलो. त्यांच्या दारातला गुलाब चाचींच्याच झाडाची फांदी लावून वाढवलेला, अगदी तस्साच, आणि त्याला दोन फुलंही होती. मी फोन त्याच्यासमोर धरला. झाड झकास आहे म्हणून सांगितलं. चाची बराच वेळ बघत राहिल्या, माशाअल्लाह म्हणाल्या आणि पाण्याचा आवाज कसला येतोय म्हणून विचारलं. मी म्हटलं, झाडालाच घालतोय.

फोन ठेवला तर माझ्या समोरून बनाबाई पातेलं घेऊन गुलाबाच्या खड्ड्याकडं निघालेल्या. पातेल्यात मटण धुतलेलं लालसर पाणी होतं, आणि मागं शिस्तीत तीन कुत्री. कुठं निघालात, म्हणून मी विचारलं.

"गुलाबाला घालाय. दर आयतवारी घालतोय की. चाची सांगून गेल्यात, सम्राटवर सोपवलंय खरं, पर तू बघ."

मी घागर घेऊन आलेल्या संयोगिताकडं वळलो. ती पदराशी चाळा करत म्हणाली, की तांदळाचं धुवण ती रोज संध्याकाळी घालते. तिलाही चाची सांगून गेल्या होत्या. कोपऱ्यावरच्या आक्का रोज पहाटे म्हशीच्या शेणाचं पाणी ओतत होत्या. सगळ्या गल्लीला चाचींनी एकेकट्याला गाठून माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं, आणि मला कळू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी ज्या झाडाला ताण देत होतो, ते राजारामपुरीतलं सर्वांत पोटभर जेवलेलं झाड होतं.

गौस पाइप धरून खाली मान घालून बसला होता. मला शंका आली.

"गौस, तू पण?"

"व्हय. कामाला जाता-येता एक बादली."

"म्हणजे माती ओली का ते तुला ठाऊक होतं?"

"व्हय की."

"मग खणलंस कशाला?"

"तुम्ही सांगितलासा म्हणून. तुम्हाला सांगायचं न्हाय, अशी चाचींनी शपथ घातलीया न्हवं."

पाइप जोडेपर्यंत दुपार टळली. त्या रविवारी आमच्या गल्लीत मटण चार वाजता शिजलं. कोल्हापुरात ह्याला माफी नसते, त्यामुळं मी ती मागितली नाही. आक्कांनी शेणखत आणलं, बनाबाईंनी ते मुळांवर पसरलं आणि सगळ्यांनी मिळून माती ओढली. मला कुणी हात लावू दिला नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी दुकानात गिऱ्हाइकाला फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगायचो आणि मला त्या फळ्यावर पाच खुंटं दिसायची. विनोद राहू द्या, मला खरोखर भीती वाटत होती. चाचींच्या आईची तेवढीच एक गोष्ट जगात राहिली होती आणि मी ती करवतीनं कापली होती. रोज उठल्याबरोबर मी तिथं जाऊन उकिडवा बसायचो. एके सकाळी एका खुंटाला तांबडा ठिपका दिसला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. अंकुर होता! मी संयोगिताला हाक मारली, तिनं बनाबाईंना मारली, आणि जरा वेळानं अर्धी गल्ली खुंटाभोवती वाकून उभी होती.

चाची परत आल्या तेव्हा वीतभर फुटवे आले होते. तरी मी घरातच बसून राहिलो. शेवटी त्यांनीच खजूर घेऊन हाक मारली. मी गेलो तर त्या झाडाजवळ बसून एका खुंटावरून हात फिरवत होत्या. मी म्हटलं, चाची, चुकलो, कात्री लावली.

"म्हाईत हाय. फोनवर बनाबाईचं झाड दावलास, तवाच वळखलं."

मग त्या थांबून थांबून बोलल्या. "ह्याला लई आधी कापाय पायजे हुतं. कापल्याबिगर फुटत न्हाय, आई सांगायची. पर आईच्या हातची फांदी, माझा हातच उचलंना. दुसऱ्याला काप म्हणून सांगायला जीभ रेटंना. मग म्हटलं, आपुन जाऊया गावाला, आणि सम्राटला सांगूया कात्री लावू नगंस म्हणून."

"म्हणजे मी लावणार हे तुम्हाला..."

"पाणी घालायचं इसरणार, ते बी म्हाईत हुतं. म्हणून बाकीच्यांस्नी सांगून गेलो."

मी खजूर खाल्ला. दुसरं काय करणार?

कबनूरला लग्न दणक्यात झालं. झाडाला त्या आठवड्यात इतकी फुलं आली होती, की तमन्नाच्या केसांत एक, चाचींच्या हातात एक आणि उरलेली गल्लीतून गेलेल्या बायकांनी वाटून घेतली. चाची नवरीकडं कमी आणि तिच्या केसांतल्या फुलाकडं जास्त बघत होत्या. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला, तो माझ्याच दुकानातला. मला फार बरं वाटलं. सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी माझी पाठही थोपटली, अगदी मी डोळे मिटून बघितली होती तशी. कशाबद्दल, ते मात्र सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बनाबाई पिशवी घेऊन प्रवासाला निघालेल्या. त्यांनी आधी आपल्या अंगणातल्या वाढलेल्या गुलाबाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सम्राट, चार दिस लेकीकडं चाललोय. झाडावर ध्यान ठेव," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, कात्री अज्याबात लावू नगंस."