वापरात नसलेले हाड

मांडीच्या हाडात दोन विभाग शेजारी शेजारी काम करतात. तोडकाम विभागातल्या पेशी जुने हाड विरघळवतात आणि बांधकाम विभागातल्या पेशी तिथे नवे भरतात. तोडणाऱ्यांना स्वतःची अक्कल चालवण्याचा अधिकार नाही. हाडातच बसलेला पाहणी अधिकारी एक रासायनिक निरोप सोडतो. तो अंगाला चिकटला की तोडायचे, एवढेच त्यांना ठाऊक. नको तेव्हा सुटलेला निरोप वाटेतच पकडायला एक अडव्याही नेमलेला असतो. साऱ्या कारभारात शहाणा तेवढा तोच, म्हणून वय वाढल्यावर त्याची भरती सर्वांत आधी बंद होते.

प्रस्तुत हाड एका सासूबाईंचे होते. न्हाणीघरात एकदा त्यांचा पाय घसरला. लागले काहीच नाही, पण घरात प्रेमाला ऊत आला.

"आई, उठायचं नाही. पाणी मी देते," सून म्हणाली.

"अगं, निदान समोरच्या बाईंकडे तरी जाऊ दे."

"त्यांनाच इकडे बोलावतो," मुलगा म्हणाला.

त्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. आत पाहणी अधिकाऱ्याने सदर जागा वापरात नसल्याचा शेरा मारून निरोप सोडला. अडवायला कोणी नव्हतेच.

"साहेब, हाड ठणठणीत आहे," तोडकामाचा मुकादम चाचरत म्हणाला. "आणि बाई जिवंत आहेत."

"असतील. ते आपल्या कक्षेत येत नाही. वजन पडतंय का?"

"नाही."

"मग लागा कामाला."

खड्डा झाल्यावर मुकादमाने रीतसर बांधकाम विभागाला कळवले. वापर नसलेल्या जागी बांधकामास मंजुरी नाही, असे उत्तर आले. हाड विरळ होत गेले आणि कामाच्या वेगाबद्दल सर्वत्र समाधान व्यक्त झाले.

एका दुपारी घर रिकामे पाहून सासूबाई भिंत धरून उभ्या राहिल्या. त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला.

"भार आला! तोडकाम बंद!" अधिकारी ओरडला.

तेवढ्यात सून दारात आली. "अहो आई, जीव घ्याल आमचा! बसा आधी!"

सासूबाई बसल्या. त्यांना फार वाईट वाटले, पण प्रेमापुढे बोलणार काय? मुकादमाने पुन्हा काम हाती घेतले.

ठणठणीत हाड इतके विरळ कसे झाले, याच्या चौकशीत कोणीही दोषी आढळले नाही. प्रत्येकाने आलेल्या निरोपाबरहुकूमच काम केले होते.

आपल्याही घरात आत्ता कोणी भिंत धरून उठत असेल, तर ताबडतोब "बसा!" म्हणून ओरडा. त्यासाठी स्वतः उठायची तसदी घेऊ नका. आपल्याकडेही मुकादम निघालेलाच आहे.