पहिली गोळी सैतानाची

मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा असं कोणी विचारलं, तर मी दाऊदचाचांचं नाव सांगतो. आईवडिलांचं ऋण आहेच, पण ते कुणी फेडत बसत नाही. चाचांचं फेडायचं होतं, आणि ते मी त्यांना न विचारता फेडलं.

दाऊदचाचा आपल्या रायफलीला खोबरेल तेल लावत. कंपनीनं दिलेला बंदुकीच्या तेलाचा डबा त्यांच्या पेटीखाली न उघडता पडला होता. "त्याला रॉकेलचा वास येतो," ते म्हणत. "माणसानं डोक्याला लावावं तेच हत्याराला लावावं. म्हणजे दोघांचं जमतं."

ही साठच्या दशकातली गोष्ट. अबुधाबीच्या आतल्या वाळवंटात तेल शोधणाऱ्या एका कंपनीचा तळ होता. तीसेक तंबू, एक विहीर आणि दुधामटणासाठी पाळलेल्या चाळीस शेळ्या. चाचा रत्नागिरीकडचे, गलबतं बांधणारे सुतार. सांधे धरल्यावर रंधा चालेना, तेव्हा मोठ्या साहेबानं त्यांच्या हाती दुर्बीण लावलेली रायफल देऊन शेळ्यांची राखण सोपवली होती.

मी राजापूरकडचा, घराण्यातला पहिला पदवीधर. कारकुनीला आलो होतो, पण इंग्रजी वाचलं होतं, ऐकलं नव्हतं; साहेबानं सांगितलेलं लिहून घेता येईना. पहिल्याच आठवड्यात साहेबानं मला परतीच्या ट्रकमध्ये बसायला सांगितलं. मी ट्रंक बांधत असताना चाचा तंबूत आले, माझी पदवीची गुंडाळी उचलली आणि थेट साहेबापुढे धरली. "साहब, दूर का निशाना हिसाब का काम है. ये बीएस्सी है. ये गया तो मेरा नेम गया."

साहेबानं मला ठेवून घेतलं. चाचांना हिशेबाची काडीची गरज नव्हती. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "आता वही घेऊन माझ्या मागं फिर रे बीएस्सी. मला खोटा पाडू नकोस."

त्या दिवसापासून माझं नाव बीएस्सी पडलं आणि रोज दुपारच्या नमाजानंतर आमचं काम सुरू झालं. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर डांबराचा ठिपका काढायचा आणि ते तीनशे पावलांवर उभं करायचं. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची. मग चाचा दोऱ्याला लोखंडी नट बांधून ओळंबा सोडत आणि दुर्बिणीतली उभी रेघ त्याच्याशी जुळते का ते पाहत. "डोलकाठी आणि ही रेघ, कलली की बुडालो." मग दुर्बिणीची कळ दोन खटके इकडे, एक खटका तिकडे. प्रत्येक खटक्याला "सबुरी" म्हणायचं.

पहिली गोळी नेहमी वीतभर वर, उजवीकडे जाई. नंतरच्या तीन बशीखाली झाकाव्यात इतक्या जवळ.

"पहिली सैतानाची," चाचा बजावत. "ती लिहायची नाही."

मी लिहीत नसे. पण चांगल्या विद्यार्थ्याची खोड जात नाही. वहीच्या मागच्या पानावर मी ती टिपून ठेवीत असे.

थंडी पडली आणि लांडगा यायला लागला. पहाटे शेळी उचलायची आणि पुन्हा दुसरीसाठी येऊन विहिरीपलीकडच्या टेकाडावर बसायचं, ही त्याची पद्धत. एक गोळी झाडली की तो दिवसभर दिसत नसे. म्हणजे चाचांच्या वाट्याला फक्त सैतानाचीच गोळी येई. तीन पहाटे ती हुकली. दर वेळी चाचांनी वाऱ्याला दोष दिला, एकदा माझ्या हिशेबाला. दुपारी झाकणावर मात्र पुन्हा बशीभर जागेत तीन भोकं.

"चाचा, लांडगा मरेल," भटारी कासम म्हणाला. "हसून हसून मरेल."

अकरावी शेळी गेली तेव्हा साहेबानं चाचांना बोलावलं. "गुरुवार के ट्रक से भेड़िये की खाल जाएगी, नहीं तो तुम जाओगे."

बुधवारी सकाळी मी अंघोळीला गेलो, तर माझी खोबरेलची बाटली मेणासारखी पांढरी गोठली होती. मी तसाच ओल्या अंगानं तंबूत येऊन वहीचं मागचं पान काढलं. सव्वीस पहिल्या गोळ्या, सव्वीसही वर उजवीकडे. दुपारी तेल पातळ असतानाच पहिली गोळी वीतभर भरकटत होती. त्या गोळीनं नळीतलं तेल जळून जाई, म्हणून पुढच्या नेमक्या लागत. पहाटे तेच तेल नळीत गोठून बसत असणार.

संध्याकाळी सांगायला गेलो. चाचा नेम बसवून आले होते आणि एक बाटली स्टोव्हजवळ धरून बसले होते. तळाशी बोटभर तेल होतं.

"चाचा, कंपनीचा डबा आहे ना..."

"ही माझ्या घरवालीनं, आमिनानं पाठवलेली," ते म्हणाले. "शेवटची. गलबत बंदराला लागलं तेव्हा तिला जाऊन महिना झाला होता. थेंब थेंब करून दोन वर्षं पुरवली."

आम्ही सगळे समजत होतो की म्हातारा पगारासाठी चिकटून आहे.

"गुरुवारी पाठवलं तर कुठं जाऊ? घराला कुलूप आहे, बीएस्सी."

त्यांनी उरलेलं तेल चिंधीवर ओतलं, गजानं नळीतून फिरवलं आणि बाटली उलटी करून पाहिली. "खलास."

मी न सांगताच परत आलो.

गुरुवारी पहाटे चाचा नमाजाला उभे राहिले. मी टॉवेलचं फडकं फाडून घेतलं होतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते गजाला बांधून दोनदा नळीतून फिरवलं. फडकं खिशात कोंबलं, गज जागेवर ठेवला. आता गोळी हुकली तर ती सैतानाची नव्हे, माझी होती. नळी पुसली हे सांगावं की नाही, हे ठरेपर्यंत चाचा सलाम फेरून नमाजावरून उठले होते.

लांडगा टेकाडावर बसला होता. चाचा पिशव्यांवर पालथे झाले. "सबुरी," ते स्वतःशीच म्हणाले. मी वहीचं मागचं पान उघडलं.

गोळी सुटली. लांडगा उठला नाही, कलंडला.

कासम स्वयंपाकाचा डाव हातात घेऊनच धावत आला. चाचांनी मात्र टेकाडाकडे पाहिलंही नाही. त्यांनी रायफल उघडली, नळी नाकाशी धरून हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आज सैतान उशिरा उठला," ते म्हणाले.

त्या दिवशी ट्रकमधून खाल गेली. दोन वर्षांनी मला दुबईला चांगली नोकरी लागली, तिथून मी तळावर हे पत्र पाठवलं:

"चाचांना सलाम. मी खुशाल आहे. आता साहेबाचं इंग्रजी कळतं. एक गोष्ट समोर सांगता आली नाही. लांडगा पडला त्या पहाटे तुम्ही नमाजात असताना रायफलीची नळी मी पुसली होती. पहिली गोळी तेलामुळे वाकडी जात होती, हे वहीत दिसत होतं. सांगितलं असतं तर तुम्ही स्वतः पुसली असती. आमिनाचाचींचं शेवटचं तेल तुमच्याच हातून पुसलं जावं असं मला वाटेना. ट्रकवाल्याकडे खोबरेलची एक बाटली दिली आहे. ती डोक्याला लावा, रायफलीला डब्यातलं लावा. ते फडकं मी धुतलं नाही, पत्र्याच्या डबीत ठेवलं होतं. तेल खवट झालं आहे, पण झाकण काढलं की अजून वास येतो. डबी सोबत पाठवत आहे. तुमचा, बीएस्सी."