एका कान्याचा फरक

माझ्या दुकानात आजवर एकाच माणसाने 'अर्धा किलो वस्तुमानाची साखर' मागितली आहे. ते म्हणजे मयेकर सर.

रत्नागिरीत माझं किराणा दुकान आहे आणि सर आमच्याच आळीच्या टोकाला राहतात. शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर राहिलेलं ते दुकानात येऊन शिकवतात, गिऱ्हाइकांसकट. कोणी "वजन नीट कर हो" म्हटलं की सरांची मान वळलीच. वजन म्हणजे पृथ्वीची ओढ, चंद्रावर गेलात की ते बदलतं. वस्तुमान कुठेही गेलात तरी तेच. मिरकरवाड्याच्या बंदरावर त्यांनी हे एका मासेवालीलाही ऐकवलं. ती म्हणाली, "मास्तर, सुरमय हितंच खाणार ना? मग चंद्राचं कशाला काढताव?" सर तसेच पिशवी घेऊन परत आले. त्या दिवशी त्यांच्याकडे पिठलं झालं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे काना. उत्तरपत्रिकेत 'प्रकाशला वस्तुमान नसते' असं कोणी लिहिलं की अर्धा गुण गेला. "प्रकाशला म्हणजे प्रकाश नावाच्या माणसाला. उजेडाला म्हणायचं असेल तर प्रकाशाला. एका कान्याचा फरक आहे, गाढवांनो." विज्ञानाच्या पेपरात व्याकरणाचे गुण कापणारा दुसरा शिक्षक मी पाहिला नाही. मराठीच्या बाई तर त्यांच्यावर रागावूनच असत.

सर कधी ओरडायचे नाहीत. एकदाच ओरडले. प्रकाशाला वस्तुमान नसतं हे त्यांनी फळ्यावर लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, मग तो असून नसल्यासारखाच की. सरांच्या हातातला खडू मोडला. वस्तुमान शून्य म्हणजे किंमत शून्य नव्हे, असं ते इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारचा वर्ग गप्प झाला. पुढे आम्ही हे वाक्य प्रगतिपुस्तकाच्या दिवशी घरी वापरलं, त्याचा उपयोग झाला नाही. मग शांत होऊन त्यांनी समजावलं. प्रकाशाकडे ऊर्जा असते. तो ज्याच्यावर पडतो त्याला थोडं ढकलतोही. आणि आतून सगळीकडे आरसे लावलेल्या पेटीत प्रकाश कोंडून ठेवला, तर ती पेटी जड होते. त्या ऊर्जेचंच वस्तुमान होतं. कुठल्या तराजूला कळणार नाही इतकं थोडं, पण होतं.

सरांची आणखी एक गोष्ट आळीत सर्वांना ठाऊक होती. ते लग्नाला येतात, मयताला सगळ्यांच्या आधी येतात, पण बारशाला कधीच नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, एकट्या यायच्या, पाळणा म्हणायच्या आणि घुगऱ्या पदराखाली घेऊन निघायच्या. मूलबाळ नाही म्हणून सर येत नसतील, असं लोक म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून सरांना पाव किलो साखर घ्यायला सबंध सकाळ लागते. मीही घाई करत नाही.

गेल्या वर्षी माझी बायको सायली आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि कावीळ उतरायला वर निळे दिवे लावले. ज्याचा त्याचा फोन एकच विचारायचा, वजन वाढलं का? आयुष्यभर मी वजनावर पोट भरलं, पण तेव्हा तो शब्द ऐकला की मी फोन ठेवून द्यायचो. मी फार घाबरलो होतो.

एका दुपारी सर दवाखान्यात आले. काचेपलीकडे बराच वेळ बघत राहिले. त्या दिव्यांनीच कावीळ उतरते म्हणे, असं मी सांगितलं.

"बघ, वस्तुमान नाही, पण काम करतोय," ते म्हणाले. "आणि पेटीत प्रकाश आहे ना, मग वाढेल तिचं. तू भिऊ नको."

पेटी काचेची होती, आरशांची नव्हती. सरांना ते काय माझ्याकडून कळायला हवं होतं? आयुष्यात पहिल्यांदा ते चुकीचं विज्ञान सांगत होते, माझ्यासाठी.

मग ते हळूच म्हणाले, "प्रकाशला वजन नव्हतं."

सर थकले, असं वाटलं. सवयीने मी म्हटलं, "प्रकाशाला, सर."

"नाही रे. प्रकाशला."

त्यांचा मुलगाही असाच आधी आला होता. तेव्हा इथे अशी पेटी नव्हती, असे दिवे नव्हते. गाडी करून ते कोल्हापूरला निघाले. बाळ काकूंच्या मांडीवर होतं. मांडीवर आहे की नाही तेच कळत नाही हो, वजनच नाही, असं काकू वाटभर म्हणत होत्या. तुम्ही घ्या जरा, असंही म्हणाल्या. सरांनी घेतलं नाही. आपल्या हातून काही होईल, अशी भीती वाटली. वाटेतल्या साखरप्याच्या पुढे जावं लागलंच नाही.

"बारसंच झालं नाही, मग नाव कोणाला सांगायचं?" सर म्हणाले. "आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. ती गेल्यापासून मला एकट्यालाच."

मी त्यांचा हात धरून बसलो. इतकी वर्षं तो काना त्यांनी कोणासाठी जपला होता, ते मला दवाखान्याच्या त्या बाकावर कळलं.

आमची लेक घरी आली. उशिराने का होईना, बारसं केलं. सरांना बोलावणं केलं, पण आग्रह केला नाही. पाळण्याला दोरी लावत होतो, तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. सर होते. इस्त्रीचा सदरा घालून.

सायलीने काही न विचारता मुलगी त्यांच्या हातांवर दिली. ते खुर्चीवर बसले. बायका पाळणा म्हणत होत्या. सर मान खाली घालून तिच्याकडेच बघत होते. गाणं संपलं, नाव ठेवायची वेळ झाली, तेव्हा मी त्यांच्याजवळ गेलो.

अजून धड तीन किलोचीही नव्हती ती.

"घे रे हिला," सर म्हणाले. "हात भरून आले."