शिक्क्याखाली कागद लागतो

मिम्मो रविवारच्या जेवणाला बसताना कोट काढत नसे, कारण बिल्ला कोटाला होता. जूनच्या उकाड्यात, समोर वाफाळता पास्ता असताना तो कोटात घामाघूम होऊन बसे आणि मधूनमधून अंग खिडकीकडे वळवी, म्हणजे बिल्ल्यावर उजेड पडे. बिल्ला पितळेचा, दोन सेंटिमीटर व्यासाचा होता. एका मोसमात दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरच्या चार सायकलफेऱ्या ठरल्या वेळेत पुऱ्या करणाऱ्यालाच तो मिळे, आणि सान बियाजो गावात तो एकट्या मिम्मोकडे होता.

समोर बसणारे साविनो तेदोने हे मिम्मोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नगरपालिकेत एकतीस वर्षं मोजणीदार म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे, 'मोजणीदार' म्हणत, आणि कोणी नुसतं 'साविनो' म्हटलंच तर ते थांबून दुरुस्ती करत. यंदा त्यांच्या तीनशे, चारशे आणि सहाशेच्या फेऱ्या झाल्या होत्या. राहिली होती फक्त दोनशेची, आणि मोसमातली शेवटची दोनशेची फेरी येत्या रविवारी होती.

"भावजी, सांभाळून हं," मिम्मो पाव मोडत म्हणाला. "दोनशेची सोपी वाटते, म्हणून माणसं त्यातच गचकतात."

सायकल क्लबचा चिटणीसही मिम्मोच होता. प्रत्येक स्वाराला एक कार्ड मिळे. वाटेतल्या ठरलेल्या गावांत बारमध्ये जाऊन त्यावर त्या गावाचं नाव असलेला शिक्का घ्यायचा आणि परत आल्यावर कार्ड मिम्मोकडे द्यायचं. बार बंद असेल तर पूर्वी फोटो चाले. तो मिम्मोने गेल्या वर्षी बंद केला. फोटो कोणत्याही दिवशी काढता येतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि खरं तर साविनोंनाही ते पटलं होतं.

रविवारी सातला फेरी सुटली. साविनोंनी रात्रीच चाकांतली हवा मोजून ठेवली होती. सायकलला पुढे एक दिवा, मागे दोन आणि घंटा पितळेची, सासऱ्यांच्या सायकलवरून काढलेली. ऑलिव्हच्या बागा, दगडी बांध, एका मेंढपाळाची तीन कुत्री आणि एक पडका नॉर्मन किल्ला मागे टाकून ते एक वाजून बारा मिनिटांनी मोंतेसेर्रोच्या चौकात पोहोचले. अंतर एकशे चार किलोमीटर, त्यातले शेवटचे नऊ किलोमीटर आठ टक्के चढाचे. नियमाप्रमाणे तिथला शिक्का एक छप्पन्नच्या आत हवा होता. हाताशी चव्वेचाळीस मिनिटं होती.

बार बंद होता. दारावर चिठ्ठी होती: 'आत्ता येतो.'

साविनोंनी चिठ्ठी जवळून पाहिली. शाई उन्हाने फिकट होऊन तपकिरी झाली होती आणि चिकटपट्टीच्या कडेला कोळ्याने जाळं विणलं होतं. 'आत्ता' म्हणजे साधारण मार्चपासून, असा त्यांनी अंदाज बांधला. चौकात दुसरं कोणीच नव्हतं. दुपारी एक ते चार मोंतेसेर्रो झोपतं. औषधांचं दुकान बंद, चर्च बंद, न्हाव्याचं दार बंद आणि आत न्हावी घोरत होता, ते बाहेर ऐकू येत होतं.

उघडी होती फक्त नगर पोलिसांची खोली. आत इन्कोरोनाता नावाच्या पोलीसबाई गणवेशात बसून डब्यातली वांगी खात होत्या. त्यांची पाळी दोनला संपायची होती. टेबलावर पॅड होतं आणि पॅडवर शिक्का होता. त्यावर नगरपालिकेचं नाव होतं, मधोमध बुरूज होता आणि खाली तारीख होती. 

साविनोंनी कार्ड पुढे केलं, आपली ओळख दिली आणि काय हवं ते नेमकं सांगितलं. बाईंनी तोंड पुसलं, कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं.

"मोजणीदारसाहेब, तुम्ही पालिकेतले ना? मग तुम्हाला काय सांगायचं. शिक्क्याखाली कागद लागतो. कागदाखाली अर्ज लागतो."

"अर्ज देतो."

"अर्जाला सरकारी तिकीट लागतं."

"तिकीट कुठे मिळेल?"

बाईंनी काटा खिडकीबाहेर वळवला. तिकिटं तंबाखूच्या काउंटरवर मिळत, आणि तंबाखूचं काउंटर बारमध्ये होतं.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. पण साविनोंनी एकतीस वर्षं हेच उत्तर इतरांना दिलं होतं, त्यामुळे त्यांना त्यात खोट काढता येईना. ते खुर्चीत बसले आणि विचार करू लागले. बाईंनी त्यांच्यापुढे दोन वांगी सरकवली. एक सव्वीसला साविनोंनी विचारलं, की अर्जाविना आणि तिकिटाविना, जागच्या जागी शिक्का मारून हातात मिळतो असा एखादा कागद या खोलीत आहे का.

"आहे की. दंडाची पावती."

"मग मला दंड करा."

"कशाबद्दल?"

इथे अडचण आली. रहदारीचा गुन्हा चालणार नव्हता, कारण क्लबच्या अकराव्या कलमानुसार रहदारीचा नियम मोडणारा स्वार बाद होई. बाईंनी कपाटातून पालिकेच्या उपनियमांचं पुस्तक काढलं आणि दोघं ते शेजारी बसून वाचू लागले. कबुतरांना दाणे टाकणं गुन्हा होता, पण कबुतरंही झोपली होती. रस्त्याच्या बाजूने ओले कपडे वाळत घालणं गुन्हा होता. साविनोंनी आपला घामाने भिजलेला हातमोजा खिडकीवर ठेवून पाहिला. बाईंनी हातमोजा हा कपडा आहे का, यावर प्रामाणिकपणे विचार केला आणि नकार दिला. शेवटी कलम सतरा सापडलं: दुपारी एक ते चार शांतताभंग करणे.

"पण कोणाची तरी तक्रार हवी," बाई म्हणाल्या. "मला त्रास होऊन उपयोग नाही. मी ड्युटीवर आहे."

एक सदतीसला मोजणीदार साविनो तेदोने मोंतेसेर्रोच्या जुन्या पेठेत सायकल हातात धरून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून नियम मोडण्यासाठी त्यांनी घंटा वाजवली. आधी एकदा, मग चार वेळा, मग सलग. त्या अरुंद दगडी गल्लीत आवाज घुमला आणि वरपर्यंत गेला. मागे बाई पावतीपुस्तक उघडून उभ्या होत्या.

एक खिडकी उघडली. मग दुसरी. एक म्हातारी बाहेर डोकावली, तिने घंटेकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि आत गेली. साविनोंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली; लक्षणं चांगली होती.

म्हातारी दोन मिनिटांनी खाली आली, तेव्हा तिच्या हातात सुरी होती.

तिचं नाव नुन्त्सियाता. तिच्यामागून आणखी पाच-सहा बायका आल्या. कोणाकडे कात्री होती, कोणाकडे पाव कापायची करवती सुरी, आणि एकीच्या हातात डुक्कर सोलायचा कोयता. साविनो दोन पावलं मागे सरले. पण बायकांनी भांडण काढलं नाही. त्या रांगेत उभ्या राहिल्या.

"किती वर्षांनी आलास रे," नुन्त्सियाता म्हणाली. "मला वाटलं मेलास."

मोंतेसेर्रोत सायकलवरून घंटा वाजवत एकच माणूस येत असे, तो म्हणजे धारवाला. तो येईनासा होऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं गाव टोमॅटो कापत नव्हतं, चेंगरत होतं.

साविनोंनी नम्रपणे खुलासा केला, की आपण धारवाले नसून मोजणीदार आहोत आणि त्रास देण्यासाठी आलो आहोत. पोलीसबाईंनी मोठ्याने विचारलं, की कोणाला त्रास झाला का, झाला असेल तर लिहून घेते. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पाहुण्याबद्दल असं काही लिहून द्यायला कोणीही तयार नव्हतं. उलट एकीने घरातून टोमॅटो चोळलेला पाव आणला.

"उन्हातून आलाय बिचारा," ती म्हणाली, "त्याचा कसला त्रास."

एक एकोणपन्नास झाले होते. साविनोंनी पुन्हा एकदा घंटा वाजवली, पण आता त्यात जोर नव्हता. नुन्त्सियाताने मात्र तो आपला नंबर लागल्याचा इशारा समजला आणि सुरी त्यांच्या हातात दिली. पातं स्वतःकडे धरून, मूठ त्यांच्याकडे करून तिने ती इतक्या रीतसर दिली, की ती न घेणं उद्धटपणा झाला असता. साविनोंनी सुरी घेतली आणि सवयीने अंगठ्याने पात्याची धार पाहिली.

"घेतलीत ना हातात?" पोलीसबाईंनी विचारलं.

"घेतली."

"तपासलीत?"

"तपासली."

"मग धंदा सुरू झाला," बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. कलम एकतीस: विनापरवाना फिरता व्यवसाय. तक्रारीची गरज नाही. नाव तेदोने साविनो, व्यवसाय धारवाला, स्थळ मोंतेसेर्रो, वेळ एक एक्कावन्न. लिहायला तीन मिनिटं लागली. शिक्का पॅडवर दाबला तेव्हा पॅड वाळलेलं निघालं. बाईंनी शिक्क्यावर तोंडाने दोनदा वाफ सोडली आणि एक पंचावन्नला तो कागदावर उमटवला. बुरूज थोडा फिकट आला, पण गावाचं नाव स्पष्ट होतं.

निघताना नुन्त्सियाताने त्यांची बाही धरली आणि धार कधी लावून देणार ते विचारलं. साविनो पुढच्या महिन्यात म्हणाले. त्या क्षणी ते काहीही म्हणाले असते.

संध्याकाळी सात अठ्ठेचाळीसला ते क्लबात शिरले. मुदतीला बेचाळीस मिनिटं बाकी होती. मिम्मोने कार्ड घेतलं, त्याला टाचलेली पावती सोडवली आणि चष्मा लावून वाचली. मग उलटून पाहिली आणि परत वाचली. आजूबाजूचे चार स्वार बुटांचे बंद सोडायचे थांबले.

"भावजी, हा कोण?"

"मी."

"इथं धारवाला लिहिलंय. आमच्या यादीत मोजणीदार आहे. दोन निरनिराळी माणसं झाली."

"एकच आहे."

"मग एक कागद खोटा आहे. हा खोटा असेल तर शिक्का खोटा, आणि शिक्का खोटा तर तुम्ही तिथं गेलाच नाहीत. मी म्हणत नाही, कागद म्हणतोय."

साविनोंनी विचार केला. तर्कात चूक नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही सरकारी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, आणि नगर पोलिसांच्या कागदाला खोटं म्हणण्याची त्यांची तयारी नव्हती. 

"यादीत दुरुस्ती कर," ते म्हणाले. "धारवाला लिही."

मिम्मोने लिहिलं, पण कार्ड मंजूर केलं नाही. परवाना नसलेल्या माणसाचा कागद अर्धवट असतो, त्यामुळे दंड भरल्याची पावती आणि परवाना दोन्ही आणून दिल्याशिवाय बिल्ल्याचं नाव काढता येणार नाही, असं तो म्हणाला. हे बोलताना तो हसला नाही, पण हसू आवरायला त्याला कष्ट पडत होते.

साविनोंनी दुसऱ्याच दिवशी मोंतेसेर्रोच्या पालिकेकडे अर्ज केला, तिकीट लावून. परवाना एकोणीस दिवसांत आला. अर्ज ज्या टेबलावर जाऊन पडला होता, त्या टेबलावरच्या बाईंच्या घरीही वांगी कापायची सुरी होती. परवान्यात एक अट होती: तीस दिवसांत काम सुरू न केल्यास तो रद्द होईल. म्हणून साविनोंनी सव्वातीन किलोचा फिरता दगड घेतला, घरातल्या सगळ्या सुऱ्यांवर सराव केला, त्यातल्या दोन वाया घालवल्या, आणि जुलैच्या तिसऱ्या रविवारी दगड सायकलला बांधून एकशे चार किलोमीटर गेले. चौकात एक्केचाळीस जण रांगेत होते. धार लावण्यात कोन महत्त्वाचा असतो, आणि कोन मोजण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत परवाना, पावती आणि पालिकेचा 'काम सुरू झाले' असा दाखला होता. तिन्हींवर ठसठशीत बुरूज होता. बाईंनी नवं पॅड घेतलं होतं.

मिम्मोने तिन्ही कागद तपासले. खोट सापडली नाही. त्याने कार्ड मंजूर केलं आणि पुढच्या रविवारी, सासूबाईंच्या घरी, जेवणाआधी गावातला दुसरा बिल्ला साविनोंच्या सदऱ्याला लावला. लावताना सुई एकदा टोचली, पण ते कदाचित मुद्दाम नसावं.

जेवण झाल्यावर मिम्मोने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं.

"भावजी, आईची कात्री आहे. कापड धरलं की नुसती चावते. बघा ना जरा."

साविनोंनी कात्री उघडली, उजेडात धरली, पाती मिटवली आणि परत कागदात गुंडाळली.

"परवाना मोंतेसेर्रोच्या हद्दीतच चालतो," ते म्हणाले.

"घरचीच कात्री आहे हो."

"हद्दीबाहेर दगड फिरवला तर विनापरवाना धंदा होतो. तू चिटणीस आहेस, तुला माहीत आहे. पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी अकरा ते एक मी चौकात असेन. एकला दगड झाकतो, नंतर शांतता असते. पहाटे पाचला निघालास तर पोचशील. शेवटच्या चढाला घाई करू नकोस." थोडं थांबून त्यांनी अगदी सरळपणे पुढे जोडलं, "गाडीनं आलास तरी चालेल."

 सासूबाईंनी कात्री उचलली आणि मिम्मोच्या हातात ठेवली.

"गाडीनं कशाला जाईल तो," त्या म्हणाल्या. "बिल्ला आहे त्याच्याकडे."